सासूबाईंचं नाव, दुसऱ्याच्या पाकिटावर

पत्र (थोडं आखडून):

‘मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात एका खेड्यात राहते. २०१७ पासून मी आणि माझी जाऊ घरी तिखट, हळद आणि काळा मसाला करून विकतो. नाव सासूबाईंचं ठेवलं, गाव त्यांना ज्या नावानं हाक मारायचं तेच. २०२० पासून बचत गटातल्या आठ बायका सोबत आहेत. हिंगणघाटच्या किराणा दुकानांत माल जातो, गिरडच्या यात्रेत दुकान लावतो, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनातही एकदा स्टॉल मिळाला होता. मागच्या दिवाळीपासून तालुक्यातला एक व्यापारी तसंच पिवळं पाकीट विकतोय. नावातलं फक्त शेवटचं अक्षर बदललं. पाट्यावर मसाला वाटणाऱ्या बाईचं चित्रही तेच, फक्त लुगड्याचा रंग वेगळा, कारण आमचं पाकीट ज्या डीटीपीवाल्यानं केलं त्यानंच त्याचंही केलं. विचारायला गेलो तर म्हणे, “नाव म्या रजिस्टर केलं. तुमाले जे करायचं ते करा.” आमच्याकडे लहान उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी आहे, अन्न परवाना आहे, शॉप अ‍ॅक्ट आहे, मग नाव आमचंच ना? नागपूरचा एक एजंट १८,००० मागतो. आमचे हे म्हणतात, कर्जावर सही माझी आहे, अर्जही माझ्याच नावानं कर. गटाच्या अध्यक्ष म्हणतात, ब्रँड गटाचा. जाऊबाई म्हणते, त्या व्यापाऱ्याचा फोटो “चोर” लिहून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू. आणि पाकिटावर “वायगाव हळद” लिहिलं तर चालते का?’

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी जाऊबाईंच्या हातातला मोबाइल काढून घ्या. आज तक्रार तुमची आहे. ‘चोर’ लिहून फोटो फिरवला की तक्रार त्याची होईल, अब्रुनुकसानीची, आणि तुम्ही आपल्याच भांडणात आरोपी व्हाल. त्याच्या पाकिटाचे फोटो मात्र काढा, भरपूर काढा. दुकानातून त्याचं एक पाकीट विकत घ्या, दुकानदाराकडून तारीख टाकलेलं बिल घ्या आणि ते पाकीट न फोडता ठेवून द्या. तुमच्या मसाल्याचं नाव मी इथं मुद्दाम छापलेलं नाही. अर्ज जाईपर्यंत ते आणखी चार जणांच्या नजरेस कशाला आणायचं.

आता त्याच्या ‘रजिस्टर केलं’चं बघू. बाजारात हे वाक्य फार स्वस्तात मिळतं. पाकिटावर बारीक अक्षरात ‘टीएम’ (ट्रेडमार्क, म्हणजे मालाची ओळख असलेलं नाव किंवा चिन्ह) लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, तुम्हीही उद्यापासून लिहू शकता. गोलातलं ‘आर’ हे चिन्ह मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच लावता येतं. त्याआधी लावणं हा खोटा दावा होतो आणि कायद्यात त्याला दंड आहे. त्याच्या पाकिटावर यातलं काय आहे ते आधी पाहा. मग ट्रेडमार्क कार्यालयाच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा. शोध फुकट आहे, गावातल्या सेतूवाल्या पोरालाही जमेल. नाव देवनागरीत शोधा, इंग्रजी अक्षरांत शोधा, उच्चाराच्या जवळपासचंही शोधा. वर्ग, म्हणजे मालाच्या प्रकाराचा क्रमांक, विचारला तर ३० टाका. तिखट, हळद पावडर, मसाले, पापड हे सगळं ३० मध्ये येतं, लोणचं २९ मध्ये.

बहुतेक वेळा असं निघतं की त्यानं अर्जच केलेला नाही, किंवा अर्ज केलाय आणि तो आक्षेपात अडकलाय. समजा त्याचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर त्या कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नल या अंकात प्रसिद्ध झाला असेल, तर प्रसिद्धीपासून चार महिन्यांत तुम्हाला हरकत नोंदवता येते. ऑनलाइन शुल्क एका वर्गाला २,७०० रुपये. चार महिने म्हणजे चारच महिने, पाचव्या महिन्यात कोणी ऐकून घेत नाही. आणि समजा त्याची नोंदणी खरोखर झालेली असेल, तरी दार बंद होत नाही. ती रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो.

कारण ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये कलम ३४ आहे. ज्यानं नाव आधीपासून आणि सतत वापरलं, त्याला नंतर आलेला माणूस केवळ नोंदणीच्या जोरावर अडवू शकत नाही. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुक्कडै हलवा’ या दुकानाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चेन्नईत दुसऱ्या कोणी तेच नाव पुढे ‘तिरुनेलवेली’ जोडून लावलं होतं, आणि त्याच्याकडेही नोंदणी होती. २०१५ साली न्यायालयानं जुन्या दुकानाच्या बाजूनं निकाल दिला. ज्यानं आधी वापरलं त्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वहिवाट तुमची आहे, सातबारा करायचा राहिलाय. वहिवाट मोठी गोष्ट आहे, पण ती दाखवावी लागते, आणि तुमची खरी कसोटी इथंच आहे.

उद्यम, अन्न परवाना, शॉप अ‍ॅक्ट यांपैकी एकानंही नाव तुमचं होत नाही. उद्यम सांगतं की तुमचा उद्योग आहे. अन्न परवाना सांगतो की तुम्ही खाण्याचा माल करता. त्याच नावानं तालुक्यात दुसऱ्या कोणाला परवाना मिळाला तरी ते कार्यालय तुम्हाला विचारायला येणार नाही. पण या कागदांवर तारखा आहेत. तारीख असलेला, नाव असलेला प्रत्येक कागद आता कामाचा. एखादी दुपार काढा, जाऊबाईंनाही बसवा (मोबाइलचा राग असा उतरेल) आणि घरातली ट्रंक उपसा. २०१७ सालचं पाकिटांच्या छपाईचं बिल सापडलं तर सोनं. नाही सापडलं तर डीटीपीवाल्याला पाठवलेला मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. हिंगणघाटच्या दुकानदारांची बिलं, कच्ची असली तरी. यात्रेतले, प्रदर्शनातले फोटो, ज्यात पाकिटावरचं नाव वाचता येतं. मूळ फाइल जपून ठेवा, पुढं पाठवलेली नको, कारण मूळ फाइलमध्ये फोटो काढल्याची तारीख असते. बँकेच्या पासबुकातल्या दुकानदारांच्या जमा. ज्यांनी तुमचा माल पहिल्यांदा ठेवला अशा दोन-तीन किराणावाल्यांना विचारून ठेवा, प्रतिज्ञापत्र द्याल का. वर्षवार प्रत्येक वर्षाचा निदान एक कागद हवा. मधल्या दोन वर्षांची रिकामी जागा समोरचा वकील बरोबर हुडकतो.

हे एवढं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. अर्जात एक रकाना असतो, नाव कधीपासून वापरात आहे. तिथं २०१७ ची तारीख लिहिली की सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. कागद जमवायचा हा खटाटोप टाळायला बरेच एजंट तिथं सरळ ‘वापर पुढे करणार’ असं टाकून मोकळे होतात. अर्ज जातो, पावती येते, तुम्ही खूश. आणि तुमच्या स्वतःच्या अर्जात, तुमच्या सहीनं, लिहिलेलं असतं की हे नाव तुम्ही अजून वापरलेलंच नाही. उद्या न्यायालयात तो व्यापारी हाच कागद पुढं करेल. तेव्हा एजंट कोणताही असो, अर्ज भरल्यावर पाठवण्याआधी तो रकाना स्वतः वाचा. उलटही करू नका. पुरावा २०१७ चा असेल तर २०१२ लिहिण्याचा मोह होतो, कोणीतरी सुचवतंही. प्रतिज्ञापत्रावर खोटी तारीख म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा.

नावाबद्दल तुमचं नशीब चांगलं आहे. लोक ‘गावरान’, ‘घरगुती’, ‘वऱ्हाडी’, ‘सावजी’, ‘चुलीवरचा’ असले शब्द धरून बसतात आणि मग कार्यालयाचा आक्षेप येतो की हे तर मालाचं वर्णन आहे, सगळ्यांचं आहे. आक्षेप बरोबरच असतो. सावजी रस्सा नागपुरात गल्लोगल्ली मिळतो, तो शब्द एकट्याचा कसा होईल? तुमच्या सासूबाईंचं हाकेचं नाव मात्र मसाल्याचं काहीच वर्णन करत नाही, म्हणून ते पक्कं आहे. फक्त त्या नावाचाच अर्ज करा, साध्या अक्षरांत, रंगाशिवाय. पाकिटाचा, चित्रासकट, वेगळा अर्ज नंतर करता येईल. पूर्ण पाकीट एकाच अर्जात घातलं की त्यातल्या एकेका भागावर स्वतंत्र हक्क मिळत नाही, हे पुष्कळांना नंतर कळतं.

पाकिटाच्या नकलेबद्दल तुम्ही लिहिलंय की चित्रात थोडा फरक आहे, त्याच्या बाईच्या लुगड्याचा रंग वेगळा. त्यानं काही बिघडत नाही. १९७२ साली पार्ले बिस्किटांच्या वेष्टनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला. एका वेष्टनावर बादली घेतलेली मुलगी, दुसऱ्यावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली, आणि दोन्हीकडे गाई-कोंबड्या. न्यायालयानं सांगितलं की दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नाही. जो माणूस एक माल नेहमी घेतो, त्याला दुसरा दिला तर तो फसेल का, एवढंच बघायचं. गिरडच्या यात्रेत गर्दीत हात पुढं करून ‘ते पिवळं द्या’ म्हणणारी बाई फसणारच.

डीटीपीवाल्याची गोष्ट जरा नाजूक आहे. तुम्ही पैसे दिले म्हणून चित्र तुमचं, असं सगळे धरून चालतात. कॉपीराइट कायदा, १९५७ तसं म्हणत नाही. पगारी नोकर नसलेल्या माणसाकडून चित्र काढून घेतलं आणि लेखी काही ठरलं नसेल, तर चित्राचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे त्यानं ते चित्र दुसऱ्याला विकलं यात त्याची लबाडी असेलही, पण ‘माझं चित्र’ म्हणायला त्याला जागा आहे. त्याच्याशी भांडण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या: अमुक तारखेला केलेलं हे चित्र, अमुक रक्कम मिळाली, त्याचे सगळे हक्क यांना दिले. सही, तारीख, साक्षीदार. तो माणूस गावातलाच आहे, गोडीत मागितलं तर देईल. आणि त्याच कागदात त्यानं लिहून दिलं की दुसरं पाकीट मागच्या दिवाळीला तुमच्याच फाइलवरून केलं, तर तुमच्या बाजूचा याहून मोठा साक्षीदार नाही. म्हणून म्हणतो, त्याला दुखवू नका.

अर्ज कोणाच्या नावानं, यावर तुमच्या घरात आणि गटात बरंच तापलेलं दिसतं. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. कर्जावर सही केली म्हणजे ते बँकेचे देणेकरी झाले, नावाचे मालक नाही. नाव तुम्ही दोघी जावांनी वापरलं. अर्जदार तोच असावा ज्यानं वापर केला, नाहीतर वर सांगितलेले सगळे पुरावे एकीकडे आणि अर्जदार दुसरीकडे अशी गत होते. अध्यक्षबाईंचं म्हणणं मात्र इतक्या सहज उडवून लावू नका. २०२० नंतर जे नाव झालं त्यात त्या आठ जणींच्या हाताची आग आहे. नावाची मालकी गटाला द्यायची असेल तर गट ज्या रूपात आज आहे, नोंदवहीतला, सभासद येणारे-जाणारे, त्या रूपात तो बरा मालक नाही. अध्यक्षाच्या एकटीच्या नावावर तर मुळीच करू नका, ती बदलली की ब्रँड तिच्या घरी. आठ जणींना खरंच मालक व्हायचं असेल तर उत्पादक कंपनी (माल करणाऱ्यांच्याच मालकीची नोंदलेली कंपनी) काढा आणि मग नाव तिच्याकडे द्या. आज अर्ज तुम्ही दोघी जावांच्या संयुक्त नावानं करा, कारण सुरुवात तुमची आहे. आणि त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत ठराव लिहा: नाव दोघींचं, गटाला ते वापरायचा परवाना, विक्रीतला वाटा इतका, आणि कोणी गट सोडला तर तिनं हे नाव वापरायचं नाही. त्यातली एखादी बाई बाहेर पडून त्याच नावानं मसाला विकायला लागली की भांडण आजच्या व्यापाऱ्याशी आहे त्यापेक्षा जास्त कडू होतं. अध्यक्षबाईंची सही पहिली घ्या.

आता एजंटचे १८,०००. सरकारी शुल्क ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, अर्जदार व्यक्ती असेल, स्टार्टअप असेल किंवा लहान उद्योग असेल तर. बाकीच्यांना ९,०००. म्हणजे एका वर्गाचा अर्ज असेल तर उरलेले १३,५०० त्याचे. तो आक्षेपाला उत्तर, सुनावणी, सगळं बघणार असेल तर रक्कम लुटीची म्हणता येणार नाही. नुसता अर्ज भरून देणार असेल तर आहे. हे त्याच्याकडून लिहून घ्या. अर्ज भरल्यावर त्याच दिवशी अर्ज क्रमांकाची पावती तुमच्या हातात यायला हवी, आणि अर्जात मोबाइल नंबर तुमचा हवा. परीक्षकाचा आक्षेप आला की उत्तराला ३० दिवस मिळतात. एजंटचा नंबर असला आणि त्यानं तो महिना झोपेत घालवला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातो, पण मुंबईला जायची गरज पडत नाही, सुनावणीही व्हिडिओवर होते. नागपुरात बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आहे, पण ती प्रशिक्षणाची. तिथं फाइल घेऊन जाऊ नका. अर्ज जर्नलमध्ये आला की अनोळखी नंबरवरून फोन येतील, ‘तुमचं सर्टिफिकेट अडकलंय, इतके पाठवा.’ फोन ठेवून द्या. प्रमाणपत्रासाठी वेगळं शुल्क नाही. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते, पुढं नूतनीकरण करत राहायचं. उद्यम असलेल्यांना ट्रेडमार्कचा खर्च काही प्रमाणात परत देणारी केंद्राची योजना आहे; वर्ध्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

त्या व्यापाऱ्याला वकिलामार्फत नोटीस द्याच, पण शोध झाल्यावर आणि कागद जमल्यावर. नोटिशीत ‘आमच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कचा भंग’ असं लिहू देऊ नका, नोंदणी अजून नाही. नोंदणी नसताना भंगाचा दावा चालत नाही. चालतो तो ‘आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवणे’ याचा, त्याला वकील ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. तो वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, मनाई हुकूमही मागता येतो. पोलिसांकडून फार आशा ठेवू नका, एका अक्षराच्या फरकाच्या वादात ते हात घालत नाहीत आणि जप्तीसाठी कायद्यानंच उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी आणि ट्रेडमार्क निबंधकाचं मत लागतं.

पण गप्प बसू नका, याबाबत मी ठाम आहे. ‘अमृतधारा’ हे औषध एकेकाळी घरोघरी असायचं. ‘लक्ष्मणधारा’ नावाचं दुसरं निघालं आणि वाद १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. सामान्य समजेचा, अर्धवट आठवण असलेला ग्राहक या दोन नावांत गोंधळेल, असं न्यायालयानं मान्य केलं. तरीही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण हे नाव बाजारात आहे हे अमृतधारावाल्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते वर्षानुवर्षं चालू दिलं होतं. तुमच्या व्यापाऱ्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. ‘एवढी दिवाळी जाऊ द्या, मग बघू’ असं घरात कोणी म्हटलं तर ही गोष्ट सांगा.

वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव) मिळालं आहे आणि वायगाव तुमच्याच तालुक्यात. तुमची हळद खरोखर तिथल्या शेतांतली असेल तर त्या मानांकनाच्या अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या आणि मग लिहा. बाजारातून दुसरीकडची हळकुंडं आणून दळत असाल तर लिहू नका. आणि कोणत्याही परिस्थितीत ‘वायगाव’ हा शब्द ट्रेडमार्कच्या अर्जात घालू नका, तो एका घराचा होऊ शकत नाही आणि त्याच्यापायी सासूबाईंच्या नावाचा अर्जही अडकेल.

महालक्ष्मी सरसच्या स्टॉलची वाटपाची पावती किंवा पत्र तुमच्याकडे नसेल तर तालुक्याच्या उमेद (बचत गटांचं सरकारी अभियान) कक्षात त्याची नोंद असेल. आधी तिथं जा, कारण त्यावर तारीख, ठिकाण आणि मालाचं नाव तिन्ही एका कागदावर सापडण्याची शक्यता आहे.